नकाशात सुरत आणि भावनगर समोरासमोर, मग खंबातच्या आखातावर पूल का झाला नाही?

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या एका तरुण केळी व्यापाऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्या गाड्या सुरतमार्गे भावनगर आणि महुव्याकडे जातात. नकाशात सुरत आणि भावनगर आमनेसामने दिसतात, मध्ये फक्त खंबातचं आखात. तरी गाडीला भरूच, बडोदा, तारापूर, वटामण असा वळसा घालून पावणेचारशे किलोमीटर तुडवावे लागतात. मुंबईत अटल सेतू झाला, चीनने समुद्रात पन्नास किलोमीटरचा पूल उभा केला. मग इथे पूल किंवा बोगदा का नाही, आणि आखातावर बांधायच्या ज्या कल्पसर धरणावरून रस्ता जाणार होता त्याचं काय झालं, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, पुलांच्या पायाच्या कामात माझी चौतीस वर्षं गेली. निम्मी तापी, गिरणा आणि पांझरेवर, उरलेली किनाऱ्यावरच्या खाड्यांत. त्यामुळे माझं उत्तर पाण्याखालून सुरू होणार आणि पैशावर बराच वेळ थांबणार. सवड काढून वाचा.

आधी नकाशाचं बघू. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला जहाजाच्या वाटेने समुद्रातलं अंतर नव्वदेक किलोमीटर भरतं. तिथे पूल कुणी मागत नाही. आखात नरसाळ्यासारखं आहे, खाली रुंद आणि वर निमुळतं. पुलासाठी वर सरकावं लागतं आणि त्यातल्या त्यात सोयीची जागा सापडते ती दहेज आणि घोघा यांच्यामध्ये, साधारण ३१ किलोमीटर. आता तुमच्या गाडीचा हिशेब करा. सुरत ते भरूच सत्तर किलोमीटर, भरूचहून दहेज पंचेचाळीस, मग एकतीस समुद्रावरून, घोघ्याहून भावनगर आणखी वीस. झाले एकशे पासष्ट-सत्तर. आजच्या ३७० मधून वजा केले तर वाचतात दोनशे. दोनशे किलोमीटर म्हणजे थोडं नाही. पण नकाशा बघून मनात जे चित्र उभं राहतं, की सुरतेच्या वेशीवर पूल चढलो आणि भावनगरात उतरलो, तसं ते नाही. हे दोनशे लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या हिशेबात ते परत येतील.

आता पाणी. तापीचा पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पाणी चढतं, दोन दिवस राहतं, उतरतं. आम्ही पूल बांधणारे लोक दिवाळी ते मे एवढ्या कोरड्या महिन्यांवर सगळं वेळापत्रक बांधतो. खंबातच्या आखातात तसे कोरडे महिनेच नाहीत. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढा. आपल्या देशात एवढा फरक दुसरीकडे कुठेच नाही. मुंबईला तो पाच मीटरच्या आसपास असतो. कारण पुन्हा तेच नरसाळं. समुद्रातून आलेली भरतीची लाट वर वर अरुंद आणि उथळ होत जाणाऱ्या जागेत कोंडली जाते, आणि पाण्याला उंच होण्यावाचून इलाज उरत नाही. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जायचं म्हटल्यावर प्रवाह जोरात धावणारच. उधाणात तो सेकंदाला तीन मीटरच्या घरात जातो. म्हणजे तापीचा मोठा पूर, रोज चार वेळा, तोही दोन्ही दिशांनी.

याच भरतीवर अलंगचा जहाजतोडणीचा धंदा उभा आहे. उधाणाच्या पाण्यावर जहाज थेट किनाऱ्यावर चढवायचं, पाणी उतरलं की ते चिखलात कोरडं बसतं. भावनगर बंदरात जहाज तरंगतं राहावं म्हणून लॉकगेट घालून पाणी अडवावं लागलं. ज्या पाण्याने अलंगला पोसलं, तेच पाणी पुलाच्या पायाच्या मुळावर उठतं.

ते कसं, हे तुम्हाला सावद्याच्या उदाहरणाने सांगतो, कारण तुमच्या पायाखाली तीच गोष्ट आहे. यावल-रावेर पट्ट्यात बोअर मारताना शेकडो फूट गेलं तरी काळा खडक लागत नाही, नुसती माती, वाळू, गोटे आणि पुन्हा माती. तापीने आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांनी लाखो वर्षं आणून टाकलेला हा गाळ आहे. तापीवरच्या एका पुलाच्या कामात दक्षिण काठाला खडक हाताशी होता आणि उत्तरेकडे सरकलो तसा तो नाहीसा झाला. दोन बोअरच्या मधला अंदाज धरून आराखडा केलेला होता. विहीर उतरवत होतो. विहीर म्हणजे काँक्रीटचा पोकळ गोल, खाली पोलादी धार, आतली माती ग्रॅबने काढत जायची आणि विहीर आपल्या वजनाने खाली बसत जाते. रोज सकाळी मुकादम मला एकच वाक्य ऐकवायचा, "साहेब, खडक आजून भेटना नही." ठरल्यापेक्षा अठरा फूट खाली गेलो, विहीर एका अंगाला कलली, ती सरळ करण्यात आणि नवा आराखडा मंजूर करून घेण्यात आठ महिने गेले. वरचा पूल तोच होता, गर्डर, म्हणजे वरच्या तुळया, तेच होते. वेळ आणि पैसा खाल्ला तो खालच्या न दिसणाऱ्या अठरा फुटांनी. दोन बोअर वाचवायचा निर्णय ज्याने घेतला त्याला त्या वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट मोजावे लागले.

खंबातच्या आखाताखाली भूगर्भशास्त्राच्या भाषेत एक खचलेलं खोरं आहे. दोन्ही बाजूंना भेगा आणि मधला पट्टा खाली बसलेला. त्यात किलोमीटरच्या हिशेबाने जाड गाळाचे थर साचले. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडलं ते याच खोऱ्यात. म्हणजे तेलवाल्यांसाठी वरदान आणि पायावाल्यांसाठी परीक्षा. १९७० मध्ये भरूचला भूकंप झाला, तोही याच परिसरातला. एवढ्या जाड गाळात खडकापर्यंत जाण्याचा प्रश्नच येत नाही. पाया मातीच्या पकडीवरच उभा करायचा. तो करता येतो, आपणही तापीवर केला आहे. पण मग सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं. पूर आला की पायाभोवतीची माती किती खोल खरवडली जाते?

आम्ही याला स्कौर म्हणतो. खांब प्रवाहात उभा केला की पाणी त्याला वळसा घालतं, भोवरे तळाकडे वळतात आणि खांबाच्या बुडाशी खड्डा पडतो. नदीवरच्या पुलासाठी आपल्याकडचा नियम असा की सूत्राने खरवडीची जी सरासरी खोली येते, खांबापाशी तिच्या दुप्पट धरायची आणि पाया त्याच्याही खाली पुरेशी पकड मिळेल इतका न्यायचा. नदीत निदान प्रवाह एकाच बाजूने येतो. आखातात दर सहा तासांनी दिशा उलटते. शिवाय तळावर वाळूचे लांब लांब उंचवटे आहेत आणि ते जागा बदलतात. आज जिथे पाच मीटर पाणी आहे तिथे काही वर्षांनी पंधरा असू शकतं. म्हणजे एकतीस किलोमीटरमधला प्रत्येक खांब सर्वांत खोल जागी आहे असं धरूनच बांधावा लागेल. माझ्या मते या पुलाचा खर्च ठरवणारी सर्वांत मोठी बाब हीच आहे, आणि पुलाच्या चर्चेत ती मला कधीच ऐकू येत नाही. चर्चा होते ती किती पदरी रस्ता, किती किलोमीटर आणि जगात कितवा, याची.

मग अशक्य आहे का? नाही. चीनमधला हांगचौ उपसागराचा पूल बघा. लांबी ३६ किलोमीटर, २००८ मध्ये खुला झाला. तिथेही नरसाळ्यासारखा उपसागर, गाळाचा तळ, सात मीटरहून अधिक भरती, आणि वरच्या नदीत तर भरतीची भिंतच्या भिंत धावत येते. दक्षिणेच्या बाजूला चिखलाचं दहाएक किलोमीटरचं पठार होतं. ओहोटीला तिथे बोट चालत नाही आणि भरतीला गाडी चालत नाही. त्यांनी ५० मीटर लांबीचे अख्खे गर्डर किनाऱ्यावर ओतले आणि आधी बसवलेल्या गर्डरांवरूनच पुढे नेत नेत जोडले. चिखलाखाली वायू साठलेला निघाला, तो आधी हळूहळू बाहेर सोडला आणि मग खोदलं. मला हे काम अतिशय आवडतं, कारण त्यात दिखाऊ असं काही नाही. एकही विक्रमी गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, नाही, सगळी हुशारी वाहतुकीत आणि पायात आहे. आपल्या आखातावर कधी पूल झाला तर तो असाच दिसेल. इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवर ३,३०० मीटरच्या एकाच झुलत्या गाळ्याचा प्रस्ताव कित्येक वर्षं फिरतोय. त्याच्याशी आपली तुलना करू नका. तिथे पाणी खोल आहे म्हणून मधे खांब टाकता येत नाही, इथे खांब शेकड्यांनी टाकता येतात पण प्रत्येकाला धरून ठेवणं अवघड. दोन वेगळे आजार आहेत.

पण हांगचौच्या पुलाच्या एका टोकाच्या पुढे शांघाय आहे आणि दुसऱ्या टोकाला निंगबोचं बंदर. निंगबो-शांघाय अंतर १२० किलोमीटरने कमी झालं आणि त्या रस्त्यावर गाड्या आधीपासून ओसंडून वाहत होत्या. आपल्या मुद्द्याला हे फार लागू आहे, त्याकडे येतोच.

बोगद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे तो मला पटत नाही. इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनेल बोगद्याची कल्पना १८०२ मध्ये मांडली गेली. १८८० च्या सुमारास खोदायला सुरुवात झाली आणि शत्रूचं सैन्य त्यातून येईल या भीतीने इंग्रजांनी काम थांबवलं. १९७५ मध्ये पैशापायी पुन्हा थांबवलं आणि शेवटी १९९४ ला तो उघडला. लांबी पन्नास किलोमीटर. तो जमला त्यामागे एक मोठं कारण म्हणजे समुद्राखाली चुनखडीयुक्त मातीचा एक सलग थर मिळाला, मऊ पण पाणी न झिरपणारा. यंत्राला जणू साबण कापायचा होता. खंबातखाली असा थर नाही, पाण्याने भरलेली वाळू आणि गाळ आहे. शिवाय चॅनेलमधून गाड्या स्वतः चालत जात नाहीत, रेल्वेच्या डब्यांवर चढवून नेतात. एवढ्या लांब बोगद्यात धूर बाहेर काढणं आणि आग लागली तर माणसं वाचवणं हा मोठा प्रश्न असतो. तीस किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा जगात अजून कुठेच चालू नाही.

दुसरा प्रकार म्हणजे समुद्रतळावर चर खणून त्यात तयार नळकांडी बुडवायची. हाँगकाँग-झुहाई-मकाव मार्गात ६.७ किलोमीटर तसा बोगदा आहे. इथे चर खणला तर काय होईल, हे आपल्याला प्रत्यक्ष पाहायला मिळालेलं आहे. घोघा-दहेज फेरीबोटीच्या निमित्ताने ते समोर आलं. त्याआधी कल्पसर.

कल्पसरची सुरुवात रस्त्यासाठी झालेली नाही. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे आलेल्या विल्सन या तज्ज्ञाने खंबातच्या भरतीतून वीज काढता येईल असं सुचवलं. देशात भरतीपासून जी वीज मिळू शकते तिच्यातली सर्वांत मोठी शक्यता, सुमारे ७,००० मेगावॅट, याच आखातात मोजली गेली. कच्छच्या आखातात १,२०० च्या आसपास. पुढे डॉ. अनिल काणे यांनी वेगळा विचार मांडला. आखातावर बांध घाला, वरच्या बाजूला साबरमती, मही, ढाढर, नर्मदा आणि सौराष्ट्रातल्या नद्यांचं पाणी साठवा, आणि समुद्राच्या जागी गोड्या पाण्याचं सरोवर करा. कल्पवृक्षासारखं मागाल ते देणारं सर, म्हणून कल्पसर. १९८८-८९ मध्ये प्राथमिक पाहणी झाली. पहिल्या आराखड्यात घोघा ते नर्मदेच्या दक्षिणेचं हांसोट असा ६४ किलोमीटरचा बांध होता, त्यावर रस्ता, रेल्वे, आत भरतीची वीज, आणि सौराष्ट्राला सिंचन.

ही कल्पना मी कधीच हसण्यावारी नेली नाही. सौराष्ट्राच्या तहानेचं आपल्या अमळनेर-पारोळ्याच्या तहानेशी जवळचं नातं आहे. ज्याने जानेवारीत कोरडी विहीर पाहिली आहे त्याला समुद्रात वाहून जाणारं पाणी बघवत नाही. पण बांध आणि पूल यांत फरक आहे. पूल पाण्याला वाट देतो, बांध ती अडवतो. तापीवर बंधारा घालताना शेवटची फट बुजवायची वेळ येते ती रात्र मी अनुभवली आहे. फट जितकी अरुंद होते तितकं पाणी त्यातून वेगाने धावतं, टाकलेले दगड उचलून नेतं, तळ खणत जातं. तिथे एका नदीचं हिवाळ्यातलं पाणी होतं. इथे सबंध आखाताची भरती त्या फटीतून आत शिरणार आणि सहा तासांनी बाहेर पडणार. कोरियाने साएमानगुमचा ३३ किलोमीटरहून लांब बांध असा बंद केला, २००६ मध्ये फट मिटवली आणि २०१० मध्ये काम पुरं केलं. डच लोकांनी १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा आफस्लौतडाइक बांधला. म्हणजे तेही होतं. पण साएमानगुमला भरती सातेक मीटरची, हॉलंडला तर त्याहून कितीतरी कमी.

अभ्यास होत गेले तसा कल्पसरचा बांध वर सरकला आणि आखूड झाला, साधारण तीस किलोमीटर. शहाणपणाचा बदल होता. पण तो वर सरकला आणि नर्मदेचं मुख सरोवराच्या बाहेर राहिलं. सरोवराला सर्वांत भरवशाचं पाणी नर्मदेचं, ते आत आणायचं तर नर्मदेवर भाडभूतला बंधारा आणि तिथून कालवा हवा. भाडभूतच्या कामाचं भूमिपूजन ऑक्टोबर २०१७ मध्ये झालं. त्या बंधाऱ्याला स्वतःचंही कारण आहे, नर्मदेत वरून पाणी कमी येऊ लागल्यापासून खारं पाणी भरूचपर्यंत चढतं. पण समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिल्सा माशावर जगणाऱ्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे, बंधारा आला की माशाची वाट बंद होते. भरतीची वीजही आराखड्यात मागे पडली, कारण सरोवर गोडं ठेवायचं तर त्यात भरती घेता येत नाही. त्यात अहमदाबाद-बडोदा पट्ट्यातलं सांडपाणी याच नद्यांतून येणार आणि बंद सरोवरात साठणार.

तुमच्या रस्त्याचं घोडं नेमकं इथे अडलं, भाऊ. बांधाच्या माथ्यावरून रस्ता जवळजवळ फुकटात मिळेल असं सगळ्यांना वाटलं. पण बांध तेव्हाच, जेव्हा सरोवर भरायला पाणी असेल. पाणी तेव्हाच, जेव्हा भाडभूत पुरं होईल. भाडभूतचा वाद मच्छीमारांशी, सरोवराचा प्रश्न सांडपाण्याशी, खर्चाचा आकडा पन्नास हजार कोटींच्या पुढचा. पंक्तीत सर्वांत उशिरा जेवणाऱ्यासाठी सगळी पंगत खोळंबावी तसं होतं. ज्याला फक्त रस्ता हवा होता तोही ताटकळत बसला. अधूनमधून नुसत्या पुलाची चर्चा होते, पण "कल्पसरमध्ये रस्ता आहेच" हे उत्तर तयार असल्यामुळे नुसत्या पुलाचा विचार कित्येक वर्षं मागेच राहिला. मला विचाराल तर रस्ता कल्पसरला जोडणं ही या सगळ्यातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट आहे.

आता फेरीबोट. घोघा-दहेज रो-रो सेवेची, म्हणजे गाड्या चढवून नेणाऱ्या बोटीची, पायाभरणी २०१२ मध्ये झाली आणि २२ ऑक्टोबर २०१७ ला ती सुरू झाली. सुरुवातीला फक्त प्रवासी, पुढच्या वर्षी ट्रक-मोटारी नेणारं जहाज आलं. सौराष्ट्रात आनंदाला पारावार नव्हता आणि तो रास्त होता. सुरतेच्या वराछातला हिरे कामगार दिवाळीला गावी जायला रात्रभर बसमध्ये बसायचा, त्याचा वळसा वाचला. पण दहेजला नर्मदेचं मुख आहे. जहाजाला पाच मीटर खोली लागते, आणि खणलेल्या वाटेत गाळ परत परत भरत राहिला. २०१९ च्या सप्टेंबरात सेवा थांबली. नोव्हेंबर २०२० मध्ये तीच सेवा दहेज सोडून हजिऱ्याला नेली आणि ती चालली. समुद्रात चर खणून त्यात बोगदा बुडवण्याची कल्पना मला का पटत नाही, ते आता लक्षात आलं असेल. एका जहाजापुरती वाट जिथे उघडी ठेवता आली नाही, तिथे तीस किलोमीटरचा चर नळकांडं बुडवेपर्यंत मोकळा कसा ठेवणार?

त्या फेरीने दुसरंही एक शिकवलं. बोट जागा बदलू शकते. पुलाला ती सोय नाही. दहेजच्या गाळाचा अंदाज चुकला तो दुरुस्त करायला एक वर्ष पुरलं. तीच चूक पुलाच्या पायात झाली असती तर शंभर वर्षं भोगावी लागली असती.

राहिला पैसा. अटल सेतू २१.८ किलोमीटर, खर्च सुमारे १७,८४० कोटी. किलोमीटरला ८१८ कोटी पडले. तोच दर ३० किलोमीटरला लावला तर साडेचोवीस हजार कोटी. आठ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १,९६० कोटी, दिवसाला पाच कोटी सदतीस लाख, हे नुसतं व्याज. रोज वीस हजार वाहनं गेली तर प्रत्येकामागे सरासरी २,७०० रुपये. आता वाचलेल्या दोनशे किलोमीटरकडे या. ट्रकला लिटरमागे चार किलोमीटर धरले तर पन्नास लिटर डिझेल वाचलं, साडेचार हजार रुपये, शिवाय वेळ. तुमच्या केळीला वेळ म्हणजेच भाव. ट्रकवाला २,७०० रुपये देईल. मोटारवाल्याचं मात्र बारा-तेराशेचं पेट्रोल वाचतं, तो एवढा टोल देणार नाही. अटल सेतूवर २०२४ मध्ये मोटारीला एका फेरीचे २५० ठेवले आणि तेही लोकांना जड गेले. म्हणजे ट्रकवर जास्त बोजा, नाहीतर सरकारी तिजोरीतून भरणा. आणि हा दर मुंबईचा आहे, जिथे भरती निम्मी आहे आणि पायाला आपल्याच दख्खनचा काळा खडक मिळाला. खंबातला तो दुप्पट झाला तरी मला नवल वाटणार नाही. मग वीस हजार वाहनं पुरत नाहीत, चाळीस लागतात. हजिऱ्याच्या फेरीच्या जहाजाची क्षमता ३० ट्रक, १०० मोटारी आणि ५०० प्रवासी अशी सांगितली गेली, दिवसाला तीन फेऱ्या. म्हणजे दोन्ही दिशा मिळून १८० ट्रक. एकशे ऐंशी आणि वीस हजार यांतलं अंतर डोळ्यासमोर आणा.

मुंबईचा पूल तरी कुठे लवकर झाला? १९६३ च्या वाहतूक अभ्यासात तो सुचवला गेला. २००८ मध्ये खासगीकरणातून बांधायचं ठरलं, तेव्हा एका बोलीत टोलची मुदत ९ वर्षं ११ महिने मागितली होती आणि दुसरीत ७५ वर्षं. एकाच पुलाच्या गाड्यांचा अंदाज जाणत्या लोकांनी इतका वेगवेगळा केला, यावरून खाडीपुलाची वाहतूक सांगणं किती अवघड आहे ते कळतं. २०१३ ला निविदा काढली तर एकही बोली आली नाही. शेवटी जपानच्या संस्थेकडून कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज मिळालं आणि सरकारने स्वतः जोखीम घेतली, तेव्हा २०१८ ला काम लागलं आणि १२ जानेवारी २०२४ ला पूल उघडला. त्या साठ वर्षांत खाडी तीच होती, खडक तोच होता. बदललं ते पैशाचं गणित आणि पलीकडे उभी राहिलेली नवी मुंबई.

आपल्या खानदेशाचं यात काय, असं कुणी म्हणेल. जळगावातून जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग हजिऱ्याला सुरू होतो. मुघलांच्या काळी बुऱ्हाणपूर-सुरत वाट नंदुरबार-नवापूरवरूनच जायची. आज उधना-लिंबायतमध्ये आपली माणसं आहेत आणि वराछात सौराष्ट्राची, दोघेही सुरतेला पोटासाठी आलेले. जळगावचे जैन व्यापारी पालीताण्याला जातात, आपले यात्रेकरू सोमनाथ-गिरनारला. आखातावर वाट झाली तर ती आपल्या रस्त्याचं पुढचं टोक असेल. म्हणून मला हा प्रश्न परका वाटत नाही.

माझ्या हातात असतं तर मी पुलाची घोषणा न करता आधी दोन कामं केली असती. दहेज-घोघा रेघेवर आणि तिच्या थोडं वर-खाली दर पाचशे मीटरवर बोअर, शंभर मीटर खोलीपर्यंत, आणि तळाची मोजणी दर उधाणाला, सलग दहा वर्षं. दुसरं, वटामण चौकडीवर गाड्यांची मोजणी. कोण कुठून कुठे जातो आणि टोल किती देईल, हे ड्रायव्हरला थांबवून विचारायचं. पुलाच्या खर्चापुढे हे पैसे चिमूटभर आहेत. ही कामं झाली असतील तर प्रस्ताव खरा धरा. पुढे कधी आखातावरच्या पुलाची बातमी आली तर मुख्यमंत्री काय म्हणाले ते नंतर वाचा, बोअर किती झाले ते आधी शोधा.

तोवर तुमच्या गाड्यांसाठी सांगतो. सावद्याहून एकदा ५३ नंबरला लागलात की हजिऱ्यापर्यंत तोच रस्ता आहे. फेरीत ट्रकची जागा आधी नोंदवा, सुटण्याची वेळ निघण्याआधी तपासा, पावसाळ्यात वाऱ्यावर लक्ष ठेवा. आणि भाडं वळशाच्या डिझेलशी ताडून पाहताना ड्रायव्हरच्या चार तासांच्या झोपेचीही किंमत धरा.